बघ ना, म्हणून

परळ, तिसरा मजला, प्रशिक्षणाचा दुसरा दिवस.
जेवणात पुलाव होता, निम्मा वर्ग पेंगतोय.
आम्ही अठ्ठावीस जण : दवाखान्यांचे डॉक्टर,
तीन परिचारिका, आणि गोवंडीची एक आरोग्यसेविका
जी सगळं वहीत उतरवून घेते, शिंकसुद्धा.

नलिनी कर्णिक पडद्यावर एक मूल थांबवतात.
अडीच वर्षांचं. लाल चड्डी. साबणाचे फुगे.
"हाक मारल्यावर वळला का? कितव्या हाकेला?"
कुणी म्हणतं दुसऱ्या, कुणी म्हणतं वळलाच नाही,
फिलोमिना सिस्टर म्हणतात, वळला, पण पंख्याकडे.
गुण द्यायचे : शून्य, एक, दोन.
जितके जास्त, तितकी काळजी.
जन्मभर परीक्षा दिलेला माझा हात
उलटंच लिहितो, मग खोडतो.

मग त्या बोटावर येतात.
हवंय म्हणून दाखवलेलं बोट वेगळं,
बघ ना, म्हणून दाखवलेलं वेगळं.
पहिल्यात बिस्कीट मिळालं की काम संपलं.
दुसऱ्यात मूल वळून तुमचा चेहरा पाहतं,
बघितलंत का, एवढंच विचारायला.
विमान, पाल, चांदोबा,
त्यातलं काहीच नको असतं त्याला.

कोवळ्या काकडीला बोट दाखवू नये, कुजते.
मोठ्या माणसाकडे तर नाहीच नाही.
एवढी बोटं दुमडायला शिकवून झाल्यावर
आम्ही पन्नाशीत मोजत बसलोय
कुणाचं उठलंच नाही.

आणि मला ट्रॉम्बे आठवतं.
आठ वर्षांपूर्वीचा लसीकरणाचा बुधवार,
बाहेर नव्वद टोकनं.
हेमांगी तांडेल, कडेवर मुलगा,
तो माझ्या स्टेथोस्कोपची चकती फिरवतोय, फिरवतोय.
"डॉक्टर, यो माझ्याकडं बगत नाय."
मी वजन बघितलं. कान बघितले. घसा बघितला.
म्हटलं, अहो, मुलगे उशिराच बोलतात,
माझा भाऊ चौथ्या वर्षी बोलला,
आता कुणाला बोलू देत नाही.
ती हसली नाही.
कार्डावर मी लिहिलं : वाट पाहा.
अक्षर चांगलं आहे माझं.

शेवटच्या तासाला आम्हाला गप्प बसायला शिकवतात.
हाक मारायची आणि पाच सेकंद थांबायचं.
टाळी नाही, चुटकी नाही,
त्याच्या आईकडे बघून हसायचं नाही.
पाच सेकंद एवढे लांब असतात
हे ओपीडीत कधी कळलं नव्हतं.

रविवारी ट्रॉम्बे कोळीवाड्यात गेले,
मासळी आणायला, असं घरी सांगून.
तिने लगेच ओळखलं.
बर्फ फोडतात तिथून तिची पाटी चांगली लांब,
जिथे गिऱ्हाईक सहसा पोचत नाही.
मागे मुलगा, दहा-अकरा वर्षांचा,
दोन्ही तळवे कानांवर.

चेंबूरपासून घोकत आणलेलं वाक्य
मी तोंडात धरून उभी.
"तुमी सांगितलं व्हतं, थांब,"
सुरी न थांबवता ती म्हणाली,
"मी नाय थांबले. सहा डॉक्टर केले.
सातव्याला कळलं."
पिशवी दिली. पैसे मोजून घेतले,
एक रुपया कमी केला नाही.

मी हाक मारली. हर्षल.
मनात मोजलं. पाच. सात. अकरा.
हेमांगीने तराजूच्या पारड्यावर नखाने टक् केलं
आणि तो वळला. माझ्याकडे नाही,
माझ्या पिशवीतून ठिबकणाऱ्या पाण्याकडे.
मीही तिकडे बघितलं, मग तिनेही.

थेंब पडत होते, फरशीवर, एकाच जागी.
आम्ही तिघं ते बघत राहिलो
पुढचं गिऱ्हाईक ओरडेपर्यंत.